गानूअण्णांची पुढची सोय

“आजच्या मापाचं घेतलं की उद्या तोकडं पडतं, पद्मा, मी उद्याच्या मापाचं घेतो आणि आज जरा थांबतो.”

दिवेआगरचे अण्णा गानू हे बोलले ते श्रीवर्धनच्या बाजारात, चपलांच्या दुकानात, लग्नाला तीन दिवस झाले असताना. पद्माकाकू तेव्हा वीस वर्षांच्या होत्या आणि कुणाच्या काकू नव्हत्या. त्यांच्या पायातली चप्पल एक नंबर मोठी होती आणि टाचेमागे होडीच्या नाळेसारखी बाहेर आली होती.

“अहो, माझी पावलं वाढायची थांबली.”

“पुढे सूज येते माणसाला,” नवरा म्हणाला. नवरा चोवीस वर्षांचा होता.

सूज यायला पंचेचाळीस वर्षं लागली. तोवर अकरा जोड झिजले, आणि दर वेळी एक नंबर मोठा. काकू आयुष्यभर घरात फटक फटक करत फिरल्या. कुठल्या खोलीत आहेत हे अण्णांना न बघता कळायचं, एवढाच काय तो फायदा.

अण्णा बोर्लीच्या शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवत होते. फळ्याचा उजवा निम्मा भाग मोकळा ठेवायचे, पुढे काही सुचलं तर. घर बांधलं तेव्हा स्लॅबवर चारी कोपऱ्यांना लोखंडी सळया उभ्या ठेवल्या, वरच्या मजल्यासाठी. खाऱ्या वाऱ्याने त्या सळयांचा रंग जुन्या सुपारीसारखा झाला. गेली एकतीस वर्षं त्यांना दोरी बांधून काकू कपडे वाळत घालतात. वरच्या मजल्यावर आजवर राहिलं असेल तर ते परकर आणि टॉवेल. मुलीचा, भार्गवीचा, पाचवीत शिवलेला गणवेश आठवीत अगदी मापात बसला. सातवीत शाळेने रंग बदलला होता. वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या तेव्हा अण्णांनी फाटकावर पाटी लावली, ‘गानू घरगुती निवास, शाखा पहिली’. पुण्यामुंबईची माणसं विचारतात, दुसरी शाखा कुठे आहे, तिथून समुद्र दिसतो का. काकू सांगतात, “तिथून सगळं दिसतं.”

दाराशेजारच्या खिळ्यावर अण्णांच्या दोन मोठ्या पिशव्या असतात, एकीत एक घातलेल्या. कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी त्या दोन्ही जातात. शेजारच्या खिळ्यावर काकूंची लहान कापडी पिशवी, आलं-लसूण मावेल एवढी. तिला अण्णा ‘आजच्यापुरती पिशवी’ म्हणतात. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी तिला हात लावलेला नाही.

मग ते वादळ आलं. दोन हजार वीसच्या जूनमध्ये, एका दुपारी. नारळ गेले, पोफळी गेल्या, कौलं गेली. अण्णांनी पुढच्या झाडांसाठी ज्या मोकळ्या जागा राखल्या होत्या, त्यांच्याभोवतीची झाडंही गेली, आणि अख्खी वाडी पुढची जागा होऊन बसली. अण्णा तिच्यात उभे राहिले. आभाळ त्या वाडीत पहिल्यांदाच जमिनीपर्यंत आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन बाहेर पडले आणि पंचवीस-पंचवीस फुटांवर नारळाच्या खड्ड्यांना खुणा करू लागले. नारळ धरायला सात-आठ वर्षं जातात. अण्णांची पासष्टी झाली होती. काकूंनी टेपचं दुसरं टोक धरलं.

ज्या गोष्टीने पुढे घरात एवढा घोळ घातला, ती दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये आली. तिचं नाव सुश्रुत. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, तीन दिवसांसाठी म्हणून आलेला. काकूंच्या घावनांमुळे बारा दिवस राहिला. दिवसा लॅपटॉपवर नोकरी करायचा आणि संध्याकाळी त्याच लॅपटॉपला खेळण्यातल्यासारखं एक स्टिअरिंग जोडून ट्रक चालवायचा.

“हे काय रे?” काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

“गेम आहे, मावशी. फ्लॉवर घेऊन जर्मनीत चाललोय.”

“जर्मनीत फ्लॉवर मिळत नाही?”

“बसा तुम्ही. चालवून बघा.”

काकू बसल्या. त्या चौलच्या, वडील एसटीत ड्रायव्हर. सुट्टीत वडिलांच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणाजवळ बसून त्यांनी सगळे गिअर डोळ्यांनी पाठ केले होते. हात लावायची परवानगी नव्हती. एकदा फक्त चौलच्या नाक्यावर वडिलांनी हॉर्न वाजवू दिला होता, दोनदा. नंतर लग्न झालं. घरच्या स्कूटरवर त्या कायम मागे बसल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी ट्रक डाव्या बाजूने घातला आणि म्हणाल्या, “ही सगळी माणसं उलटी का येतायत?” चौथ्या दिवशी ट्रकवर ओरखडा नव्हता. प्रत्येक वळणाला हॉर्न. परक्या मुलखातला तो सुनसान रस्ता, दोन्हीकडे बर्फ, आणि मधून काकू पों पों करत निघालेल्या. मध्येच दूध उतू जायला लागलं की त्या ट्रक रस्त्याच्या कडेला घेत, दिवे लुकलुकते ठेवत आणि मगच उठत.

“मावशी, आम्ही दहा जण आहोत,” जाताना सुश्रुत म्हणाला. “जानेवारीतल्या एका रविवारी सगळे आपापल्या घरून ऑनलाइन एकत्र निघतो. दहा ट्रकचा ताफा. तुम्ही पण या.”

“पुढचा ट्रक माझा,” काकू म्हणाल्या.

त्याने आपलं जुनं स्टिअरिंग त्यांना देऊन टाकलं. आणि अण्णा, जे इतका वेळ दारात उभे राहून ऐकत होते, म्हणाले, “मशीन मी करतो. माझ्या हातचं. पुढची वीस वर्षं बघायला नको.”

काकूंनी स्टिअरिंग पुसून फडक्यात गुंडाळून ठेवलं.

बोर्लीच्या बाजारात आतिफाचं दुकान आहे. झेरॉक्स, फॉर्म भरणं, कॉम्प्युटर दुरुस्ती आणि ऑर्डर आली तर नवा जोडून देणं. आतिफा ही अण्णांची विद्यार्थिनी. सर दुकानात शिरले की ती अजूनही स्टुलावरून उठते, आणि या उठण्यातच तिची निम्मी बाजू पडते. पहिल्या खेपेला काकू बरोबर होत्या. आतिफाने भिंतीवरचा कागद दाखवत एकेक भाग समजावला: हा डबा, म्हणजे कॅबिनेट. हा मदरबोर्ड, सगळे भाग याच्यावर बसतात. हा प्रोसेसर, डोकं. ही मेमरी. हा पॉवर सप्लाय, वीज देणारा. आणि हे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावर चित्र काढणारं. गेम खेळायचा तर हे महत्त्वाचं.

अण्णांनी सगळं ऐकलं आणि चेहरा उजळला.

“म्हणजे वाडीच की गं ही!”

“काय, सर?”

“डबा म्हणजे वाडी. बोर्ड म्हणजे खड्डे. वीज म्हणजे विहीर. विहीर आधी मोठी खणायची, झाडं मागाहून. आणि हे कार्ड म्हणजे नारळ. नारळाचं रोप घाईने घ्यायचं नसतं.”

“सर, काकूंना ट्रक चालवायचाय ना? मी एक साधा आराखडा देते. आठ दिवसांत मशीन घरी.”

“आणि पाच वर्षांनी?”

“पाच वर्षांनी पाच वर्षांचं बघू, इन्शाल्ला.”

“आतिफा,” अण्णा शाळेतल्या आवाजात म्हणाले, “तू उत्तर आधी लिहायचीस आणि रीत मागून.”

“पण उत्तर बरोबर यायचं, सर.”

“मार्क रीतीला असतात.”

आतिफाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी कागदावरच्या पंख्यांकडे पाहिलं.

त्या दिवशी अण्णांनी आलेखाची वही घेतली. पहिला आराखडा गणपतीपर्यंत झाला, दुसरा दिवाळीत. डबा असा हवा की पुढे दीड हाताचं कार्ड निघालं तरी मावेल. दीड हाताचं कार्ड जगात कुठे नव्हतं. मेमरीला चार जागा, भरायची एक. पंख्यांना नऊ जागा. विजेचा भाग एवढा की आतिफा म्हणाली, “सर, यावर माझं दुकान चालेल आणि शेजारची चक्की.” बोर्ड निवडून झाला की अण्णा कुठेतरी वाचत, पुढच्या वर्षी नवा येतोय, त्यात आणखी पुढची सोय आहे. मग पान उलटायचं.

पहिला जानेवारी गेला. ताफा निघाला तेव्हा सुश्रुतने फोनवर सांगितलं, पुढच्या ट्रकएवढी जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. दुसरा जानेवारी गेला. तेव्हाही रिकामी.

दरम्यान काकूंनी स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला घट्ट आवळलं. दुपारी भांडी झाली की त्या तिथे बसत आणि समोरच्या भिंतीकडे बघत गाडी चालवत. भिंतीवर कालनिर्णय होतं. त्या बारा महिने त्याच्यात शिरत आणि कुठेही धडकत नसत. दसऱ्याला स्टिअरिंगला झेंडूची माळ, लिंबू, मिरच्या. एक पाहुणी घाबरून विचारती झाली, “काका, या काय करतायत?”

“सराव,” अण्णा अभिमानाने म्हणाले. “मशीन पुढे येणार आहे.”

“अहो, मला फक्त एक ट्रक चालवायचाय,” काकू भिंतीवरची नजर न काढता म्हणाल्या. “तुम्ही डेपो बांधताय.”

“डेपोच बांधायचा असतो, पद्मा. एसटीवाल्याची मुलगी तू!”

तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. काकूंना समोरचं कालनिर्णय धुक्यात दिसायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजव्याचं आता करू, डावा वर्षभराने. आणि उजवा उघडून मिळाला त्याच आठवड्यात सुश्रुतचा फोन आला.

“मावशी, या वेळी नक्की जमवा. कुणाला मूल झालंय, कुणी परदेशी चाललंय. ताफा यापुढे निघेल असं वाटत नाही. जानेवारीचा शेवटचा रविवार, संध्याकाळी पाच. पुढची जागा तुमचीच.”

काकूंनी फोन ठेवला. वाटाणे सोलायला घेतले. मग मोजून चार शब्द बोलल्या.

“त्या रविवारी मला निघायचंय.”

अण्णांनी आजवर त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. चौदावा आराखडा झाला होता; पंधरावा त्यांनी सुरूच केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिशव्या घेऊन ते एकटेच बोर्लीला गेले आणि आतिफाला म्हणाले, “मागव.” गुणाजी सुताराकडून त्यांनी टेबलही करवून घेतलं, चार पडदे मावतील एवढं. पडदा एकच होता. तो त्या टेबलावर समुद्रातल्या होडीसारखा दिसायचा.

“अण्णानू, यावर पंगत बसंल,” गुणाजी म्हणाला.

“पुढे बसेल,” अण्णा म्हणाले.

ताफ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी रिक्षातून मशीन आलं. आतिफाने दुकानात सगळं जोडून, चालवून, गेमसुद्धा आत घालून पाठवलं होतं. डबा एवढा मोठा की रिक्षावाला त्याच्या शेजारी अंग चोरून बसला होता.

रविवारी सकाळपासून अण्णा वायरी लावत होते. काकूंनी डोकं धुतलं. नवी साडी नेसल्या. स्टिअरिंग जेवणाच्या टेबलावरून सोडवून या नव्या टेबलाला आवळलं, माळ बदलली. भिंतीवरची वडिलांची तसबीर आणून पडद्याशेजारी उभी केली, खाकी शर्ट, खिशाला पेन. जेवण लवकर झालं. सवातीनला अण्णांनी मशीनवर हळदकुंकू वाहिलं, नारळ मात्र अंगणात फोडला, पाणी उडायला नको म्हणून. मग बटण दाबलं.

नऊच्या नऊ जागांना पंखे नव्हते, पण जे तीन होते ते फिरले आणि त्यांच्यात दिवे लागले. लाल, निळे, हिरवे, जांभळे. काचेच्या भिंतीआड गणपतीचं मखर पेटल्यासारखं दिसू लागलं. मधला भाग रिकामा होता. एवढी मोठी रिकामी जागा इतक्या प्रकाशात काकूंनी वादळानंतर पहिल्यांदाच पाहिली.

“वा!” काकू म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या.

पडदा काळा होता. त्यावर एक लहानशी चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत होती. सिग्नल नाही.

“तापत असेल,” अण्णा म्हणाले.

पाच मिनिटं तापू दिलं. वायर काढून उलटी लावून पाहिली, ती उलटी लागत नव्हती. वायर पुसली. काकूंनी पडद्याला हळूच थाप मारली, जुन्या टीव्हीला मारायच्या तशी. चौकट आपली फिरतच होती. साडेतीन झाले. काकूंनी आतिफाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“आतिफा, दिवे लागलेत, चित्र नाही.”



“काकू, सर आहेत तिथे?”

“आहेत.”

“मग सांगते, सर, माफ करा. काकू, कार्डच नाही आत. सरांनी घेतलंच नाही. पुढच्या दिवाळीला नवं येतंय, तेव्हा घेऊ म्हणाले.”

“पण तोवर?”

“काही काही प्रोसेसरमधूनच चित्र निघतं ना, तोवर तसला घ्या म्हटलं मी. तर सर म्हणाले, पुढे कार्ड येणारच आहे, मग ज्याची पुढे गरज नाही ते आत्ता कशाला? बिनचित्राचा घेतला. मी तीनदा सांगितलं, सर, पडद्यावर काही येणार नाही. अम्मीची शपथ, तीनदा.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, रोप लावलं त्याच दिवशी शहाळं मागू नये.”

अण्णा तसबिरीकडे पाहत होते. तसबिरीतला ड्रायव्हर समोर बघत होता, रस्त्याकडे.

“अगं, मग तू दुकानात चालवलंस कसं?” काकूंनी विचारलं.

“माझ्याकडे एक जुनं छोटं कार्ड आहे. बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं. त्यावर तुमचा ट्रक मस्त पळत होता, काकू, मी स्वतः एक फेरी मारली. सरांना म्हटलं, हे राहू द्या आत, दिवाळीला काढू. तर सर म्हणाले, काढून घे, हे आजच्यापुरतं आहे.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “ते इथेच आहे टेबलावर. मी घरीच आहे आज.”

फोन बंद झाला. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. दिव्यांनी काकूंची साडी एकदा हिरवी केली, एकदा जांभळी.

अण्णांनी घाईघाईने वही उघडली, चौदावं पान. “हे बघ, पद्मा. मेमरीला अजून तीन जागा आहेत. पंख्यांना सहा. वीज तर एवढी की पुढे दोन कार्डं जरी घातली ना... हे बघ, इथे. वीस वर्षं हा डबा बदलावा लागणार नाही. मी सगळा विचार केलाय. सगळा.”

“केलाय,” काकू म्हणाल्या.

“फक्त आजचा एक...”

“हो.”

काकू रागावल्या असत्या तर अण्णांकडे उत्तर होतं. पंचेचाळीस वर्षांच्या रागाची सगळी उत्तरं त्यांच्याकडे रीतीसकट तयार होती. पण काकू स्टिअरिंगसमोर बसल्या. दोन्ही हात त्यावर ठेवले, दहा आणि दोनच्या काट्यांवर, वडील ठेवायचे तसे. आणि काळ्या पडद्यात बघत राहिल्या.

“मी दिसतेय यात,” त्या म्हणाल्या. “मागे तुम्ही दिसताय. वही घेऊन.”

अण्णांनी वही खाली केली.

“डोळ्यांच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं,” काकू पुढे म्हणाल्या, पडद्यातल्या अण्णांशी बोलत असल्यासारख्या. “म्हटलं, आमच्या ह्यांना आवडेल म्हणून विचारते, नवं भिंग बसवताय तर पुढची काही सोय ठेवता येते का? हसले ते. म्हणाले, काकू, पुढचं काही नाही. जे आहे ते स्वच्छ करून देतो. बघून घ्या.”

बाहेर वाडीत वाऱ्याने नारळाच्या झापांचा आवाज झाला. वादळानंतर लावलेली रोपं आता डोक्याच्या वर गेली होती, धरायला अजून तीन-चार वर्षं होती. घड्याळात चारला वीस मिनिटं कमी. बोर्ली पाच-सहा किलोमीटर.

 ज्याने भांडणातसुद्धा पुढच्या भांडणासाठी दोन मुद्दे राखून ठेवले, त्या माणसाने वही मिटली.  ती त्यांनी चार पडद्यांच्या टेबलाच्या रिकाम्या टोकाला ठेवली. फडताळातून स्कूटरची चावी घेतली आणि दाराशी गेले.

खिळ्याला हात गेला, दोन मोठ्या पिशव्यांवर. काकू पडद्यात बघत होत्या. त्यात दार दिसत होतं, उजेडाची एक पट्टी आणि तिच्यात थबकलेला हात. हात तिथून निघाला, शेजारच्या खिळ्यावर गेला, आणि आलं-लसणाची ती लहान पिशवी घेऊन अण्णा बाहेर पडले.